सलग पाळी

बायको गेल्याचं त्याला जेवणाच्या सुट्टीत कळलं. सकाळभर तो परगावच्या कारखान्यात जाळीच्या आत उभा राहून रोबोटला गाडीची काच उचलायला शिकवत होता. हात इथवर ने, थांब, जरा खाली, आता पकड. फोन दारावरच्या लॉकरमध्ये. आत न्यायची बंदीच होती. लॉकर उघडला तर मेहुणीचे फोनावर फोन येऊन गेलेले. त्याने फोन लावला तेव्हा ती म्हणाली, "भावोजी, आता सावकाश या." आणि मग रडत, "निघाले का म्हणून विचारत होती हो शेवटपर्यंत."

सगळं उरकून तो कामावर परतला. रोबोट शिकून तयार होता. एकच परीक्षा राहिली होती: अख्खी पाळी न थांबता काम. ते झालं की कारखाना रोबोट ताब्यात घेणार आणि हा घरी, लेकीकडे जाणार. तोवर ती मावशीजवळ होती. अट एवढीच, की प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने समोर बसायचं. उठायचं तर रोबोट थांबवून उठायचं, आणि थांबवला की पाळी पहिल्यापासून.

त्याला बसवेना. जरा वेळ झाला की रोबोट थांबवायचा, दारावर जायचं, फोन बघायचा. फोन आलेला नसायचा. परत यायचं, पुन्हा सुरू.

"साहेब, रोबोट ठणठणीत आहे," सुपरवायझर वैतागून म्हणाला. "बंद तुम्हीच पडताय!"

दारावरच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याला सगळे मामा म्हणत. त्यांनी एकदा किल्ली देताना हात आखडता घेतला. "कुलूप झिजवलंत की हो माझं. फोन माझ्यापाशी ठेवा. वाजला तर धावत येतो, मग तर झालं?"

त्या दिवशी तो बसला. पाय हलत होते, नखं कुरतडून झाली, पण बसला. काचेमागून काच जागेवर जात राहिली. पाळी संपत आली, सुपरवायझरने कागद मागवले, आणि दारातून मामा टोपी हलवत धावत आले.

त्याने क्षणाचाही विचार न करता बटण दाबलं. "अहो, थोडंच राहिलं होतं!" सुपरवायझर ओरडला, तोवर हा दारावर पोचलाही होता.

"बाबा, आईचा स्वेटर घालू का? मावशी म्हणते, बाबांना विचार."

"घाल की. विचारायचं काय त्यात?"

"मोठा होतोय."

"बाह्या दुमड."

"दुमडल्यात. कधी येणार तू?"

"काम झालं की लगेच."

मामा ओशाळून बाजूला उभे होते. "वाजला तर धावत येतो म्हणालो होतो, म्हणून आलो. नंतर मला बोल लावू नका."

"बरं केलंत," तो म्हणाला आणि फोन पुन्हा त्यांच्या हातात दिला.

आत रोबोट काच धरून अर्ध्यावर थांबला होता. त्याने ती हळूहळू खाली उतरवून ठेवली. पाळी पूर्ण व्हायची अजून बाकी आहे.