कमरेवरचा हात

फोटो स्टुडिओवाल्या ताईचा एक नेम होता. गिऱ्हाईक बाई असली आणि चाळिशी ओलांडलेली असली, की फोटो छापायच्या आधी तिची कमर दोन बोटं आत घ्यायची, हनुवटीखालचं जास्तीचं पुसायचं आणि दंडांची थोडी छाटणी करायची. कोणी सांगो वा न सांगो. बायका फोटो हातात घेऊन म्हणायच्या, "अगं बाई, काय कॅमेरा आहे हो तुमचा!" कॅमेरा बिचारा दिसेल ते टिपत होता. करामत चालायची ती मागच्या खोलीत, कॉम्प्युटरपुढे, चहाचे घोट घेता घेता. ताईला त्यात काडीचंही गैर वाटत नसे. बाई हसत घरी जाते ना? मग झालं तर!

समोरच्या बाजूला तिच्या धाकट्या बहिणीची बेकरी होती. शेंडेफळ म्हणून तिला सगळे बारकी म्हणत, आणि बारकी फक्त नावापुरतीच बारकी. दोघी एकाच साच्यातल्या: रुंद खांदे, भरलेले दंड, हसल्या की हलणारी पोटं. पिठाची गोणी बारकी एकटी उचलायची आणि वर गिऱ्हाइकाशी गप्पाही मारायची.

तर ही बारकी गेल्या काही महिन्यांत आटायला लागली. आधी गाल गेले, मग मान दिसू लागली, मग एप्रनच्या नाड्या पाठीमागून फिरून पुढे गाठ मारण्याइतक्या उरू लागल्या. गिऱ्हाइकं कौतुकाने वेडी झाली. "काय करता हो? आम्हालाही सांगा की!" बारकी मान वेळावून म्हणायची, "काही नाही हो, आपोआप उतरतंय."

आपोआप! आपोआप धूळ साचते, वजन कशाला उतरतंय?

ताई तिला म्हणाली, "छान दिसतेस हो," आणि घरी येऊन कपाटाचं दार जरा जोरातच लावलं. खरं सांगायचं तर ती जळली. सख्खी बहीण असली म्हणून काय झालं? परकीचं उतरलेलं वजन एक वेळ सोसवतं, सख्खीचं नाही सोसवत. दुसऱ्या दिवसापासून ताईचा पाव बंद, लोणी बंद, साखर बंद. सकाळी उकडलेली भाजी, दुपारी तिचंच पाणी. स्टुडिओ उघडायच्या आधी ती गल्लीला फेऱ्या मारायची, त्याही उलट बाजूने, म्हणजे बेकरीतून दिसू नये.

"घरात दुष्काळ पडलाय का?" नवऱ्याने विचारलं.

"पडलाय तर पडलाय. तुम्ही गप जेवा."

तो गप जेवला. ताईच्या वाटणीचंही जेवला. त्या घरात आहार कोणाला मानवला असेल तर त्यालाच.

दर रविवारी बारकी केक घेऊन यायची. टेबलावर एक तुकडा उरायचा आणि दोघी बहिणी तो एकमेकींकडे सरकवायच्या. "तू घे गं, दमतेस किती." "नको, तूच घे, तुला आवडतो ना." बघणाऱ्याला वाटावं, काय ही माया! पोटात कावळे दोघींच्याही ओरडत होते. पण आधी हात घालेल ती हरली, हे न बोलता ठरलेलं होतं. शेवटी तो तुकडाही नवऱ्याच्याच पोटात जायचा.

आणि एका सकाळी बेकरीतून पत्रे आदळल्यासारखा आवाज झाला. ताई रस्ता ओलांडून धावली. बारकी भट्टीपुढे आडवी पडली होती, पावांचे ट्रे भोवती विखुरलेले. गरम ट्रे चेहऱ्यापासून हातभर अंतरावर पडला होता. ताईने तो पायाने दूर लोटला. "बारके! ए बारके! डोळे उघड गं!" ती ओरडली, आणि त्या क्षणी कमर, दंड, जळफळाट, सगळं तिच्या डोक्यातून साफ गेलं.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई आली. वयाने मोठी, तोंडाने फटकळ. तिने नाडी पाहिली, डोळे पाहिले, काय खाता म्हणून विचारलं आणि उत्तर ऐकून कपाळाला हात लावला. "अहो, पन्नाशी जवळ आली की हाडं तशीच विरायला लागतात. त्यांना पोसायचं सोडून तुम्ही उपाशी ठेवताय? नीट जेवा. अंडी, दूध, डाळ, पोटभर भाजी. चाला, वजनं उचला. भिंतीवरच्या चित्रासारखं दिसण्यासाठी नाही, उद्या स्वतःच्या पायांवर उठता यावं म्हणून." मग तिची नजर ताईकडे वळली. "आणि तुम्ही का पांढऱ्याफटक? बसा खाली. घरातच साथ आलीय वाटतं!"

डॉक्टरीणबाई गेल्यावर ताईने पावाला लोणी लावून बारकीपुढे धरलं. बारकीने तोंड फिरवलं.

"खा गं! कोणासाठी चाललंय हे?"

बारकीने बोट दाखवलं. पिठाच्या डब्यांच्या वर, भिंतीला, एक फोटो चिकटवलेला होता. स्टुडिओची नवी जागा घेतली त्या दिवसाचा. शेजारी शेजारी दोघी बहिणी, आणि ताई कशी, तर शेवग्याची शेंग.

"तुझ्यासारखं दिसायला," बारकी म्हणाली. "बघून बघून तेव्हाची तू मला अशीच आठवतेस. तेव्हा तू सत्तेचाळीसची होतीस, आता मी आहे. एका आईच्या पोटच्या आपण. तुला जमलं, तर मला का नाही जमणार? अजून दंड उतरायचेत. बरी झाले की पुन्हा धरते."

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. सगळ्या गावाच्या कमरा आत घेताना स्वतःचीही घेतली होती, हे ती विसरूनच गेली होती. इतकी, की कपडे घट्ट झाले की तीही मनात म्हणायची, तेव्हा मी कशी होते! गप्प बसली असती तर लाज वाचली असती. पण बारकी पुन्हा पडली असती, आणि दर वेळी ट्रे हातभर लांब पडतो असं थोडंच आहे?

"आधी हा पाव संपव," ती म्हणाली, "आणि चल माझ्याबरोबर."

मागच्या खोलीत तिने कॉम्प्युटर सुरू केला. मूळ फोटो ती कधी पुसून टाकत नसे. पडद्यावर दोन बायका उभ्या राहिल्या, दोघी एकाच साच्यातल्या, दोघींची पोटं हसून पुढे आलेली.

बारकी बघतच राहिली. "ही तू?"

"मीच. आणि तुला बघून मी दोन महिने भाजीचं पाणी पितेय."

"मला बघून? अगं, मी तुला बघून..."

आणि बारकीला जे हसू फुटलं ते आवरेना. ताईही हसली, डोळे पुसत हसली. हसता हसता बारकी अचानक थांबली. ती पडद्याकडे वाकली.

"ताई, हे काय?"

ताईच्या कमरेवर, पलीकडच्या बाजूला, चार बोटं दिसत होती. पीठ लागलेली, घट्ट धरलेली.

"तुझा हात," ताई म्हणाली. "तू मला कवेत घेतलं होतंस."

"मग माझ्याकडच्या फोटोत का नाही?"

"कमर आत घ्यायची होती ना. तो मध्ये येत होता. मी पुसला."

"रोज बघत होते गं मी तो फोटो," बारकी म्हणाली. "पीठ मळताना, ट्रे काढताना. तुझी कमर बघत होते. माझा हात नाहीय, हे एकदाही दिसलं नाही मला."

ताई रडली, मोठ्याने रडली. बारकी तिची पाठ थोपटत राहिली. मग म्हणाली, "छाप हा. मोठा छाप."

ताईने नाक पुसलं आणि पडद्याकडे वळली. इतक्या वर्षांची सवय. माऊस आपसूक कमरेपाशी जाऊन थांबला.

बारकीने तिच्या मनगटावर फटकन चापट मारली. "माझ्या हाताला हात लावशील तर बघ!"