नळावरचं पोतं

गल्लीत पाणी येऊन महिना होत आला होता आणि ताई धास्तावली होती. पाणी-संघटनेच्या अध्यक्षीणबाईंनाच पाण्याची भीती! सगळी गल्ली तिला ताई म्हणायची, फक्त आई 'बाळे' म्हणायची.

संघटना आईनं उभी केली, तेव्हा ऑफिस नव्हतं की पगार नव्हता. बायका घरून डबे आणायच्या आणि रिकाम्या बादल्या बडवत पालिकेच्या दारात ठिय्या द्यायच्या. पुढे एका बड्या संस्थेची मदत सुरू झाली. ऑफिस आलं, गाडी आली. हळूहळू मोर्चेसुद्धा संस्थेचे पाहुणे यायचे असले की निघू लागले. मदत होती ती गल्लीच्या तहानेपायी; पाणी आलं की ती थांबणार. नळ आल्याचं ताईनं कळवलंच नव्हतं. ऑफिसातल्या पोरींचे पगार आणि तिची स्वतःची चूलही त्याच मदतीवर होती.

आज संस्थेच्या मॅडम पाहणीला येणार होत्या.

"आजच्या दिवस नळ झाका गं," ताईनं दारोदार सांगितलं. "आणि बादल्या घेऊन रांगेत उभ्या राहा."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, पण नळांवर पोती पडली. खरं बोलून भल्याभल्या साहेबांना घाम फोडणारी आई मुकाट्यानं रांगेत उभी राहिली. ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं ताईला वाटलं. लाज वाटत होती, पण पोती काही तिनं काढली नाहीत.

मॅडम आल्या, हळहळल्या. बोलता बोलता त्यांना ठसका लागला आणि तो थांबेचना. ताई गाडीतली बाटली आणायला धावली. बाटली रिकामी.

वळून पाहते तो आई नळापाशी. पोतं बाजूला, हातात भरलेला पेला. दारी आलेल्या माणसाचा जीव कासावीस होताना बघत राहणं त्या बाईला जमणारच नव्हतं.

मॅडम घटाघटा प्यायल्या. मग त्यांचं नळाकडे लक्ष गेलं. "हे पाणी कधी आलं?"

रांगेतल्या बायका ताईकडे बघू लागल्या.

"आजच," आई म्हणाली. "तुमच्या पायगुणानं बघा."

मॅडम भलत्याच खूश झाल्या. आता शेजारच्या वस्तीसाठी मदत वाढवू, असं सांगून त्या गाडीत बसल्या. ताईनं सुटकेचा निःश्वास टाकला.

आईनं नळ घट्ट बंद केला, पोतं पुन्हा नीट पांघरलं आणि खाली मान घालून विचारलं, "बरोबर बोलले ना मी, ताई?"

ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.