अठ्ठावीसचं चाक

ताईला दुधात दूध कमी आणि पाणी जास्त दिसायचं, हा तिचा स्वभावच. शिवणकाम करणाऱ्या बाईने कापडवाल्याचं माप स्वतःच्या टेपने पुन्हा मोजावं, इथपर्यंत ठीक होतं. पण ती सख्ख्या भावाने कापलेल्या कलिंगडाच्या फोडीही डोळ्यांनी तोलून बघायची.

वडील गेल्यावर त्यांची जुनी सायकल धाकट्या भावाने दुरुस्तीला नेली. "चकाचक करून तुझ्या दारात उभी करतो," म्हणाला, आणि महिनोन्‌महिने सायकलीचं दर्शन नाही. ताईच्या मनात पाल चुकचुकायला तेवढं पुरे होतं. जुन्या सायकलींच्या सुट्या भागांसाठी शौकीन लोक जीव टाकतात, हे तिने एका गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकलं होतं. तेव्हापासून तिला बाबांची चाकं भलत्याच कुणाच्या तरी सायकलला फिरताना दिसू लागली.

अखेर एका सकाळी धाकटा पुढचं चाक घेऊन आला. टायर सडून गेला होता, म्हणून नुसतीच रिम, गंज काढून लख्ख घासलेली.

"बघ ताई, आकडासुद्धा वर आलाय. नवा टायर तू आण, म्हणजे तुझाही हात लागेल," म्हणाला आणि कामावर गेला.

रिमवर ठोकलेलं होतं: २८ × १½. ताईने गळ्यातला टेप काढला. एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत भरले पंचवीस इंच आणि वर जरासं. तिने आडवं मोजलं, उभं मोजलं, तिरपं मोजलं. गोल वस्तू कुठूनही मोजली तरी तेवढीच भरणार, हे कळण्याइतकी ती ताळ्यावर नव्हती.

संध्याकाळी धाकटा आला तेव्हा तिने चाक त्याच्यापुढे आपटलं.

"बाबांचं चाक कुठाय?"

"हे काय समोर."

"मला शिकवतोस? लिहिलंय अठ्ठावीस आणि भरतंय पंचवीस! तीन इंच काय उंदराने खाल्ले? लहान चाक आणून वर खोटा आकडा ठोकलास आणि बाबांचं विकून मोकळा झालास."

धाकट्याने चाक उचलून भिंतीला टेकवलं. "ताई, मी चाक बदललेलं नाही."

"मग माप कसं चुकलं?"

"ते मला माहीत नाही. मी बदललेलं नाही, एवढं सांगतो."

त्याने चपला घातल्या आणि निघून गेला. पाणीसुद्धा प्यायला नाही. खाई त्याला खवखवे, ताई मनात म्हणाली.

आता चोर मुद्देमालासकट पकडायचा होता. दुसऱ्या दिवशी तिने दुकानातून मुद्दाम अठ्ठावीस-दीडचा टायर ट्यूबसकट आणला. पंचवीसच्या रिमवर तो ढगळ झग्यासारखा लोंबेल, मग सगळ्या नातेवाइकांना बोलावून दाखवू, असा बेत. टायर लोंबला नाही. अंगठे दुखेपर्यंत ढकलावा लागला, इतका घट्ट बसला. ट्यूबमध्ये हवा भरल्यावर तो टम्म फुगला, आणि तिने बाहेरून माप घेतलं. अठ्ठावीस.

वर दीड इंच टायर, खाली दीड इंच टायर, मध्ये पंचवीसची रिम. आकडा नुसत्या रिमचा नव्हताच, हवा भरलेल्या टायरसकट अख्ख्या चाकाचा होता. अडतीसचा सदरा मोजला तर बेचाळीस भरतो, कारण आकडा छातीचा असतो, कापडाचा नाही, हे गिऱ्हाइकांना समजावण्यात तिची हयात गेली होती. भावाला चोर ठरवताना मात्र ते तिला एकदाही आठवलं नाही. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

चाक घेऊन ती तडक त्याच्या घरी गेली. धाकटा दारात बाबांच्या सायकलच्या साखळीला तेल देत होता. तिने एका दमात सगळं सांगितलं: टायर, वरचा दीड, खालचा दीड, सदरा.

"चुकले रे मी. पण तू तरी तेव्हाच हिशेब समजावून सांगायचास ना! मी कशाला तोंड उघडलं असतं?"

धाकट्याने तिच्या हातातलं चाक घेतलं, जागेवर बसवलं, नट आवळले आणि सायकल तिच्याकडे वळवली.

"हिशेब मला कुठे ठाऊक होता? तो आत्ता तुझ्याकडूनच कळतोय," तो म्हणाला. "मी चाक बदललं नव्हतं, एवढंच मला माहीत होतं. आणि ते मी तुला सांगितलं होतं."

ताई हँडल धरून उभी राहिली. तो हात पुसत आत गेला. तिला ये म्हणाला नाही.