शिट्टी न झालेला कुकर

मित्रांनो, मी पाच लिटरचा जुना कुकर. दांडा दोनदा बदललेला, बुडाला पोचा. करमाडच्या मनकर्णाबाईंनी मला आणलं तेव्हा त्यांची सरिता बालवाडीत होती. वीस वर्षं मी त्या दोघींचा वरण-भात शिजवला. तिसरी शिट्टी झाली की मनकर्णाबाई म्हणत, "गुणाचा हाय." पुढं सरिता शहरात नर्स झाली, पहिल्या पगारात चकचकीत कुकर आला आणि मी माळ्यावर गेलो. गुणांचं बहुधा असंच चीज होतं.

मला खाली काढलं ते जर्मन भाषेनं. सरिताला जर्मनीतल्या इस्पितळात नोकरी मिळाली होती, म्हणून ती सिडकोत जर्मनच्या क्लासला जायची. आई हो म्हणत नव्हती, नाही म्हणत नव्हती. नुसती घासलेली भांडी परत घासायची. तीन ऑक्टोबरला जर्मनीचा राष्ट्रीय सण. क्लासात तिकडचा पारंपरिक सफरचंदाचा केक करायचं ठरलं. सणाला खायला लागतं, एवढं कुणाला शिकवावं लागलं नाही. ओव्हन नव्हता, म्हणून मी. आईनं क्लासातली माणसं एकदा बघावीत आणि मग काय ते सांगावं, म्हणून सरितानं तिलाही नेलं.

माझ्या पोटात वाळू, वाळूवर केकचं भांडं. अशा वेळी रिंग आणि शिट्टी काढून ठेवतात, तशी सरितानं ती पिशवीत ठेवली होती. आईला गॅसपाशी बसवून सरिता आत भाषण करायला गेली. मनकर्णाबाईंना वाटलं, पोरगी विसरली. पिशवीतून काढून त्यांनी दोन्ही लावलं. कोरड्या वाळूला शिट्टी कुठली? मी तापत राहिलो. भाषणाच्या ऐन मध्यात रबराचा धूर वर्गात पोचला.

सरिता धावत आली. "आई, शिट्टी कशाला लावली?"

"तू इसरली म्हणून. कवाची बसले, एक नाय झाली."

"याला शिट्टी होतच नसते. आत वाळू आहे."

"मंग सांगायचं व्हतं. मी आपली कान लावून बसले."

जर्मन शिकवणाऱ्या विशाखा मॅडमनी करपलेली बाजू सुरीनं खरवडली. सगळ्यांनी केक खाल्ला. जर्मनीबद्दल कुणी वाईट बोललं नाही. मनकर्णाबाईंनी तुकडा संपवून हात पदराला पुसला.

"जाय तू," त्या म्हणाल्या. "पर तिथून फोन करीत जाय. मला परत असं बसवू नको."

सरिता जानेवारीत गेली. सामानाच्या वजनात मी बसलो नाही. मनकर्णाबाईंनी मला नवी रिंग आणली, ओट्यावर जागा दिली. रविवारी त्या माझ्या झाकणावर फोन ठेवून बसतात. कधी तो वाजतो. कधी सरिताची ड्युटी असते.

मित्रांनो, आम्हा भांड्यांना वर्षानुवर्षं गप्प बसता येतं, आम्ही त्याचसाठी घडलेलो. पण कान लावून बसलेल्या माणसाला फार वेळ तापत ठेवू नका. वास येईपर्यंत आतलं कुणाला कळत नाही.