नाण्यावरची केझाया

ड्राय फोर्कच्या छावणीत आम्ही बायका दोघीच. मी खाणावळ चालवायची, केझाया ओढ्यावर खाणकाऱ्यांचे सदरे धुवायची. विधवा होती, तोंडाची फटकळ. सरकारी नाणं त्या डोंगरात कुठलं पोचायला! सगळा व्यवहार चिमूटभर सोन्याच्या भुकटीवर. देताना निम्मी वारा न्यायचा. शेवटी ओबेद थ्रॉल लोहाराने भट्टीशेजारी साचा बसवला आणि स्वतःच सोन्याची नाणी पाडायला लागला.

पहिली नाणी हातात पडली आणि छावणीभर हशा पिकला. नाण्यावर बाईचा चेहरा होता. हुबेहूब केझाया!

"केझायाबाई, आता तू माझ्या खिशात गं!" जो तो चिडवायला लागला.

ती ओल्या हातांनीच तरातरा लोहाराकडे निघाली. मजा बघायला मी मागोमाग.

"कुणाला विचारून कोरलंस रे माझं तोंड?"

ओबेदने मान खाली घातली. "सरकारी नाण्यावर स्वातंत्र्यदेवी असते. तीच कोरायला बसलो होतो. पण देवी मी कुठे पाहिलीय? हात आपोआप तुझ्याकडे वळला."

केझायाने ओले हात झग्याला पुसले. मग नाणं उजेडात धरून म्हणाली, "नाक बिघडवलंयस. एवढं फताडं नाहीये माझं."

"लांबून पाहिलं ना, म्हणून."

"मग बघ की जवळून, मेल्या!" आणि ओंडका ओढून ती त्याच्यासमोर बसली.

हिवाळ्याआधी त्यांचं लग्न झालं. केक मीच केला; अंडी नव्हती, तरी चांगला झाला.

पुढे सॅन फ्रान्सिस्कोत सरकारी टांकसाळ उघडली. खाजगी नाणी कुणी घेईना. लोक ती ओबेदकडे आणून वितळवून घ्यायला लागले. आता म्हणे एखादंच कुठे सापडतं. शेवटची ओंजळभर राहिली तेव्हा मी तिथेच होते. ओबेदचा हात सोनं वितळवायच्या मुशीकडे जाईना, डोळे भरलेले.

"मी इथे धुरात खोकतेय ती दिसत नाही," केझाया म्हणाली, "आणि त्या पिवळ्या बाईसाठी रडतोस?"

तिने स्वतःच भाता ओढायला घेतला. ओबेद रडता रडता हसला. तिच्या हातातला भाता त्याने काढून घेतला, तिला दाराशी वाऱ्यात बसवलं आणि नाणी मुशीत सोडली.