रतांब्याखालचं गाठोडं

मथुरेची नात अक्षया लग्न होऊन जामसंड्याला गेली, त्याच वर्षी गावातल्या गुरुप्रसादच्या घरी कपडे धुवायची मशीन आली. साल दोन हजार एकोणीस. मथुरा मडवळीण. गावाचे कपडे तळीवरच्या दगडावर धुता धुता तिची उमर सरली. अक्षया निघताना तिच्या गळ्यात पडून म्हणाली होती, "आजी, आता कोणाचा गाठोडा उचलूचा नाय. माझी शपथ आसा." मथुरेने मान हलवली होती.

मशीनीने धंदा खाल्ला म्हणून तिला वाईट वाटलं नाही. उलट सुटल्यासारखं झालं. गुरुप्रसादने पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या होत्या. त्यांच्या चादरी तीच धुवायची. चादरींवर दारू असायची, माशाची कढी असायची, कधी कोणाचं ओकलेलंही असायचं. आता ते सगळं मशीनीच्या पोटात जाऊ लागलं. जाऊ दे, मथुरा म्हणायची, तिका नाक नाय.

चार वर्षांनी गुरुप्रसादची बायको संचिता बाळंत झाली. पाचव्या दिवशी त्याच्या आईने, सुभद्रावयनींनी, मथुरेला बोलावणं धाडलं. बाळ बघायला मिळेल म्हणून मथुरा हाताने शिवलेलं टोपडं घेऊन गेली. वयनींनी तिला खळ्यातच, दारासमोरच्या अंगणात, थांबवलं. रतांब्याच्या झाडाखाली एक गाठोडं पडलं होतं. त्यावर नारळ आणि मूठभर तांदूळ. शेजारी काठी, ज्या काठीने ढकलत ते तिथवर आणलं होतं. माशा घोंगावत होत्या.

"सुवेराचे, बाळंतिणीचे कपडे आसत. घेवन जा," वयनी म्हणाल्या.

"मशीन बिघाडली काय वयनीनू?"

"बिघडता कित्याक? पण ह्या कसा घालतलंय तिच्यात? मशीनीक विटाळ होतलो."

"आणि माका?"

"तुझा काय गो? तुझो तो मानच आसा."

मथुरेने तोंड फिरवलं. गाठोड्यामुळे नव्हे. बाळंतिणीचं रक्त तिने चाळीस वर्षं धुतलं होतं, थंड पाण्यात ते निमूट सुटतं. किळस आली ती त्या काठीची, आणि वर ठेवलेल्या नारळाची.

ती सरळ मागच्या पडवीत गेली. मशीनीचं गोल दार उघडलं आणि आतलं रबराचं कडं बोटाने ओढलं. खाली काळा बुळबुळीत थर होता. त्यात केसांचा गुंता, कोणाच्या तरी जखमेवरची पट्टी आणि बांगड्याचा एक काटा. ते सगळं बोटावर घेऊन तिने मागोमाग आलेल्या वयनींच्या नाकापाशी धरलं.

"ह्येच्यातच सोवळा धुतास मा?"

वयनींनी नाकाला पदर लावला. आतल्या खोलीतून संचिता म्हणाली, "आई, घाला ते मशीनीत. माझेच आसत."

"तू गप नीज," वयनी म्हणाल्या.

मथुरेने दोरीवरच्या पाहुण्यांच्या चादरीला बोट पुसलं, टोपडं पायरीवर ठेवलं आणि ती घरी गेली. नारळाला तिने हात लावला नाही.

गाठोडं तीन दिवस तिथेच कुजलं. कुत्र्यांनी ते ओढलं, फाडलं. चौथ्या दिवशी वास खोल्यांपर्यंत गेला, पाहुणे कुरकुरले, तेव्हा गुरुप्रसादने तोंडाला टॉवेल बांधून त्याला काडी लावली. संचिताच्या आईचं जुनं मऊ लुगडं त्यात होतं. बाळाला पहिल्यांदा त्याच्यातच गुंडाळलं होतं. मथुरेला वाईट वाटलं ते तेवढ्या लुगड्याचं. वयनी मात्र गावभर सांगत सुटल्या, मडवळणीक माज इलो.

पुढे वयनी अंथरुणाला खिळल्या आणि दोन महिन्यांनी गेल्या. गुरुप्रसादने फोन केला, "मथुरे, आयचे कपडे धुवूक नेशीत काय?"

"नमस्कार करूक येतंय. कपडे नाय."

ती गेली, पायांवर डोकं ठेवून बाजूला बसली. दुपारी माणसं स्मशानातून परतली, तेव्हा मागच्या पडवीत घरघर ऐकू आली. मथुरा उठून बघायला गेली. काचेआड वयनींचं हिरवं लुगडं गरगर फिरत होतं, आणि त्याच्याबरोबर पाहुण्यांच्या उशांचे दोन पांढरे अभ्रे.

गुरुप्रसाद ओल्या अंगाने मागे येऊन उभा राहिला.

"शनवारी बुकिंग आसा," तो म्हणाला. "अभ्रे कमी पडतत."

"आणि विटाळ?"

"मशीनीक खंयचो गो विटाळ?"

मथुरा गटारात थुंकली आणि वाटेला लागली. त्या संध्याकाळी तिने जामसंड्याला फोन लावून अक्षयाला सांगितलं, शपथ पाळलंय.

सुभद्रावयनी दोन हजार चोवीसच्या माघात, सकाळी नऊच्या सुमारास वारल्या. वय एक्क्याऐंशी.