पायाशी ठेवलेला पटका

टेंभुर्णीच्या कारभाऱ्यांची विधवा लेक चतुराबाई पायाची जखम घेऊन जालन्याच्या मिशन दवाखान्यात गेली, सहा महिने राहिली आणि परतली ती बाप्तिस्मा घेऊनच. कुणी तिला मारलं नाही की शिव्या दिल्या नाहीत. बापानं शेताच्या टोकाला खोपी घालून दिली, दाणागोटा दिला. पण ती विहिरीवर आली की बायका बोलायच्या थांबत. भावजय नंदाबाई लेकरांना हाका मारून घरात घेई.

जालन्याहून मार्थाबाई नावाची प्रचारक बाई महिन्याकाठी बैलगाडीनं यायची आणि जुन्या हुतात्म्यांच्या गोष्टी सांगायची. चतुराबाई पर्पेतुआची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावी. कार्थेज नावाच्या दूरच्या शहरातली ती तरणी बाई, अंगावर पिणारं लेकरू. येशूला सोडत नाही म्हणून तिला तुरुंगात टाकलं. म्हातारा बाप येऊन पाया पडला, तरी ती ढळली नाही. शेवटी तिला रानटी जनावरांपुढं सोडलं.

"तिच्याजवळ कुणी होतं का?" चतुराबाईनं एकदा विचारलं.

"होतं की. तिच्यासंगं कैदेत पडलेली फेलिसिता होती. दोघी बराबरच गेल्या."

मार्थाबाई निघाली तेव्हा चतुराबाई गाडी दिसेनाशी होईस्तोवर बांधावर उभी राहिली.

त्या पावसाळ्यात मार्थाबाई हिवतापानं गेली. तिच्या जागी कुणी आलं नाही.

फाल्गुनात नंदाबाईच्या पोरीचं लग्न निघालं. कारभारी भर उन्हात खोपीवर आले.

"चतुरा, पाहुणे तुह्याबद्दल विचारून राह्यले. एकदा पिंपळगावला चल, रेणुकाईपुढं नारळ फोड, चूक झाली म्हन. मंग घर तुहंच हाये. मनात काय मानायचं ते मान, मी बिलकुल विचारनार न्हाई."

तिला वाटलं, हो म्हणावं. बायकांत बसून पोळ्या लाटाव्या, कुणीतरी आपल्याला हाक मारावी.

"दादा, आत एक आन् बाहेर एक, हे माह्यानं होनार न्हाई."

म्हाताऱ्यानं डोईचा पटका काढून तिच्या पायाशी ठेवला. गोष्टीतला बाप पाया पडे तेव्हा तिला पर्पेतुआचा अभिमान वाटायचा. आता घामानं चिकटलेले ते पांढरे केस पाहून तिला पहिल्यांदा त्या बापाची कीव आली. तिनं पटका उचलला, धूळ झटकली आणि त्यांच्या हाती दिला.

"माफ करा मला. पन मी ते म्हननार न्हाई."

कारभारी उघड्या डोक्यानंच गेले.

लग्नाच्या दिवशी वाजंत्री शेतापर्यंत ऐकू येत होती. चतुराबाई गहू निवडत बसली. प्रार्थना म्हणू गेली तर शब्द आठवेनात. फेलिसिताचं नाव तेवढं तोंडात येत राहिलं, शेजारणीला हाक मारावी तसं.

दिवस कलताना बाप बांधावर दिसला. जवळ आला नाही. बुंदीची पत्रावळ दगडावर ठेवून तो थांबला, आणि तिनं ती उचलल्यावरच वळला. चतुराबाईनं उभ्याउभ्याच चार घास खाल्ले. मग खाली बसून ती पोटभर रडली.

पुढं म्हातारा होता तोवर दर सणाला असंच चाललं. दोघं एकमेकांशी कधी बोलली नाहीत.